नाकतोड्याच्या चिठ्ठीवरची तिसरी ओळ

आधी माफी मागून घेतो. मी असं काही लिहावं इतका मी वाचलेला माणूस नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि कॉलेजात मी लिहायला शिकलो ते पाच गुणांचं नाहीतर दहा गुणांचं. 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' असा प्रश्न आला की माझा हात चालतो. मनातलं लिहायचं म्हटलं की थांबतो. त्यामुळे हे लिखाण मधूनमधून प्रॅक्टिकलच्या वहीसारखं वाटलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मला दुसरी भाषा येत नाही म्हणून नव्हे, मला दुसरी सवय नाही म्हणून.

आज सकाळी खोलीच्या खिडकीच्या जाळीवर एक नाकतोडा येऊन बसला. अमरावतीत, तिसऱ्या मजल्यावर, खाली सगळं सिमेंट. हा कुठून आला कोण जाणे. हिरवा होता आणि डावीकडची मागची तंगडी नव्हती. कोणी पकडलं की नाकतोडा ती तंगडी सोडून देतो आणि पळतो. पालीचं शेपूट परत येतं, मोठ्या झालेल्या नाकतोड्याची तंगडी परत येत नाही. पुढचे सगळे दिवस तो तिरपा उडतो. मी त्याच्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की भाद्रपद संपत आलाय. म्हणजे गावाकडे आता ते दिवस सुरू झाले असणार.

आमचं गाव चांदूर रेल्वेच्या अलीकडे. पाऊस ओसरला की तिथं सोयाबीन पिवळं पडायला लागतं, कपाशीला, म्हणजे आमच्या पऱ्हाटीला, पात्या-फुलं धरतात, आणि दुपारच्या उन्हात ओल्या मातीचा आणि खुरपलेल्या गवताचा एक कडवट वास वर येतो. त्या दिवसांत धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालणं म्हणजे पायापुढे लाह्या फुटत जाणं. एक पाऊल टाकलं की पाच-सहा नाकतोडे उडतात, दुसरं टाकलं की आणखी. सहा महिने हे सगळे मातीत होते. मादी पोटाचं टोक लांब करून जमिनीत खुपसते, अंडी घालते, वर फेस सोडते आणि तो फेस वाळून घट्ट झाकण होतं. मग हिवाळा जातो, उन्हाळा जातो, मातीला भेगा पडतात, आणि अंडी थांबून राहतात. हे मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कळलं. त्याआधी मी फक्त लाह्या पाहिल्या होत्या.

त्याच वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आम्हाला कीटकांचा संग्रह करायचा होता. पूर्वी म्हणे प्राणिशास्त्राच्या पोरांना बेडूक फाडावा लागायचा, झुरळ उघडावं लागायचं. आता तक्ते असतात आणि कॉम्प्युटरवर चित्रं. मला नाकतोडे मिळाले. चाळीस नमुने, प्रत्येक सुईवर, खाली चिठ्ठी. सरांनी पहिल्या तासाला विचारलं, "नाकतोड्याचा कान कुठे असतो?" सगळ्यांनी डोकं दाखवलं. सर म्हणाले, "पोटाला. पंखाखाली, मागच्या तंगडीच्या बुडाशी, दोन्हीकडे एकेक पातळ पडदा." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला ते एकदम खरं वाटलं. आमच्याकडच्या बऱ्याच गोष्टी माणसं पोटानंच ऐकतात.

मी जाळं घेऊन गावी गेलो आणि पहिल्या दिवशी मला तीन नाकतोडे मिळाले. जाळं फिरवलं की ते आधीच उडालेले असायचे. दोन मोठे डोळे, हजारो बारीक भिंगांचे, आणि मध्ये तीन साधे डोळे, उजेड-अंधार कळायला. सावली पडली की संपलं. आई तेव्हा पऱ्हाटीत निंदायला जायची, सात-आठ बायांचं टोळकं होतं. तिनं खुरपं बाजूला ठेवलं, माझं जाळं हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं.

"हे मच्छरदानीचं काय करून राहिला तू? सावली मांगं ठेव अन् हात मांगून आन."

तिनं हात मागून आणला आणि बोटांनी मानेच्या ढालीला धरून एक उचलून दिला. त्यानं तोंडातून तपकिरी रस काढला.

"हा तं शांतीच्या वाणाचा," आई म्हणाली. "धरलं का थुंकते."

शांताकाकू बाजूच्या तासात, म्हणजे पिकाच्या शेजारच्या ओळीत, होत्या आणि त्यांच्या गालात तंबाखू होती. "थुंकन नाई तं काय करन बिचारा," त्या म्हणाल्या. "तुह्या हाती सापडल्यावर कोनाचं भलं झालं हाय, पंचफुला?"

माझ्या आईचं नाव पंचफुला. हे नाव मी मुद्दाम इथं पूर्ण लिहितो आहे.

त्या आठ दिवसांत मी पुस्तकातलं सांगायचो आणि आई आधीच माहीत असल्यासारखी ऐकायची. मी म्हटलं, नाकतोडा नाकानं श्वास घेत नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा बारीक भोकं असतात. ती म्हणाली, "म्हनूनच. त्याचं तोंड पान्यात बुडवलं तं थो मरत नाई. आंग बुडवलं का मरते. आमी लहानपनी पाह्यलं हाय." मी म्हटलं, त्याला पायानं चव कळते, पानावर पाय ठेवला की समजतं खायचं की नाही. ती म्हणाली, "मंग आमच्यावानीच हाय. वावरात पाय देल्ला का कळते मालक कसा हाय." बाया हसल्या. मी ते वहीत लिहून घेतलं नाही. वहीत लिहिण्यासारखं मला ते तेव्हा वाटलं नाही.

एकदा तिनं मला हाक न मारता नुसतं हातानं बोलावलं. तुरीच्या काडीला एक नाकतोडा उलटा लटकला होता, डोकं खाली. त्याची पाठ उभी उकलली होती आणि आतून दुसरा, ओला, फिका, बाहेर येत होता. लहानपणापासून मोठं होईपर्यंत तो पाच-सहा वेळा अशी कात टाकतो. फुलपाखरासारखा मधे कोशात झोपायची सोय त्याला नाही. उघड्यावरच मोठं व्हावं लागतं, आणि शेवटच्या खेपेला पंख येतात. मी खिशातला चिमटा बाहेर काढला. आईनं माझं मनगट धरलं.

"आता नको. बाळंतीन समज."

आम्ही दोघं त्या तासात उकिडवे बसून राहिलो. पंख आधी चुरगळलेल्या कागदासारखे होते, मग हळूहळू ताणले गेले. आईच्या हाताला खुरप्याचा आणि घामाचा वास येत होता. तेवढा वेळ मी विद्यार्थी नव्हतो आणि ती मजूर नव्हती. त्या आठ दिवसांतलं एवढंच मला अजून गोड लागतं. बाकीचं सगळं मीच नासवलं आहे.

वावराच्या वरच्या अंगाला बरड आहे, नुसते दगड. तिथला एक नाकतोडा आईनं दाखवला, मी स्वतः शंभर वर्षं फिरलो असतो तरी मला दिसला नसता. दगडाच्याच रंगाचा. उडाला की क्षणभर आतले पंख फिके निळे दिसायचे आणि खाली बसला की काहीच नाही. "थो दगडात जाते," आई म्हणाली. दोन दिवस ती जेवणाच्या सुट्टीत भाकरी हातात घेऊन बरडावर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पदराच्या गाठीतून तो आणून दिला, दोन्ही तंगड्या शाबूत.

मी त्याला औषधाच्या बाटलीत टाकलं. ती पाहत होती.

"मारतं काय याले?"

"मारावाच लागते, आई. नाहीतर संग्रहात ठेवता येत नाही."

"अन् मंग?"

मी तिला समजावून सांगितलं. सुई मानेच्या ढालीत उजव्या अंगाला टोचायची, डावीकडचे पंख पसरून ठेवायचे म्हणजे रंग दिसतो. खाली चिठ्ठी. पहिल्या ओळीत गाव, दुसरीत तारीख, तिसरीत पकडणाऱ्याचं नाव. ती चिठ्ठी नसेल तर नाकतोड्याला काही किंमत नाही, तो नुसता मेलेला किडा.

"मंग याले म्या धरलं," आई म्हणाली. "माह्यं नाव लिवजो."

ती थट्टेनं म्हणाली असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ती थट्टा नव्हती. ती पुढं म्हणाली, "जीव घेतला तं खरं तरी लिव." शांताकाकू म्हणाल्या, "बाई कालेजात चालली वं. आमचं नाव तं राशनकार्डावरबी बरोबर नाई." तेव्हापासून बायांनी आईला 'मास्तरीन' म्हणायला सुरुवात केली. निंदताना कोणाच्या अंगावर नाकतोडा बसला की, "मास्तरीन, हजेरी घ्या."

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. दसऱ्यानंतर मी अमरावतीला खोलीवर बसून चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. बारीक टोकाचं पेन, जाड कागद, नखाएवढी चिठ्ठी. चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर तिसऱ्या ओळीत मी सरांचं नाव लिहिलं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की सरांनीच लिहायला लावलं असेल. नाही. आमच्याकडची लग्नपत्रिका ज्यानं वाचली असेल त्याला माझी चूक कळेल. मंडपाचे बांबू ज्यानं वाहिले, पाणी ज्यानं भरलं, त्याचं नाव पत्रिकेत कधीच नसतं. सरपंचाचं असतं, गुरुजींचं असतं, अकोल्याच्या साहेब पाहुण्याचं असतं, जो लग्नाला येतही नाही. नाव म्हणजे मान, आणि मान वरच्याला द्यायचा असतो, हे आम्ही बोलायला शिकायच्या आधी शिकतो. पकडणाऱ्याचं नाव ही जागा मला कामाची वाटलीच नाही, मला ती मानाची जागा वाटली. तिथं स्वतःचं नाव लिहायला मला उद्धटपणा वाटला.

पण निळ्या पंखाच्या नाकतोड्याशी मी थांबलो होतो. हेही खरं सांगितलं पाहिजे. पेन दोन-तीन मिनिटं हातात होतं. मी 'पंचफुला' लिहिल्यावर चिठ्ठी कशी दिसेल हे डोळ्यांसमोर आणलं. शेजारच्या पेट्यांवर शहरातल्या पोरांची नावं असणार. कोणी विचारलं, ही कोण, तर सांगावं लागेल, माझी आई, निंदायला जाते. मग मी सरांचं नाव लिहिलं. म्हणजे एकोणचाळीस चिठ्ठ्या अडाणीपणानं लिहिल्या, आणि एक लाजेनं.

नाकतोड्याचं रक्त लाल नसतं. रंगहीन, कधी थोडं हिरवट. हवा वाहून न्यायचं काम त्याला नसतं, ते काम अंगभर पसरलेल्या बारीक नळ्या करतात. हृदय पाठीकडे असतं आणि मज्जारज्जू पोटाखालून जातो, आपल्या बरोबर उलट. लाज वाटली की तोंड लाल व्हायची सोय त्याच्याकडे नाही. माझ्याकडे आहे, पण फोनवर ती दिसत नाही. आईनं दिवाळीच्या आधी फोनवर विचारलं, "बापा, माह्यं नाव टाकलं का?" आणि मी म्हणालो, "टाकलं."

एका शब्दाचं खोटं. पण गावात त्याचं काय झालं ते मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाहिलं. किराणावाल्यानं मला विचारलं, "तुह्या मायचं नाव कालेजात लागलं म्हन्ते?" बाबा बडनेऱ्याला सेंट्रिंगच्या कामावर जातात, त्यांनी ते कामावरच्या माणसांना सांगितलेलं होतं. आई पोह्यांना फोडणी देताना पाठमोरी म्हणाली, "एकदा दाखवजो मले. मी काई हात लावत नाई." मी म्हणालो, पेटी अजून तपासायची आहे. पुढं म्हणालो, सुट्ट्या आहेत. त्याच्याही पुढं म्हणालो, तो नाकतोडा अकोल्याला गेला. हे मात्र खरं होतं.

सरांनी तो अकोल्यातल्या एका संस्थेच्या कीटकसंग्रहात दाखवायला नेला होता. तिथं त्यांच्याकडे आपल्या भागातला असा नमुना नव्हता म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला. सर खूश होते. वर्गात म्हणाले, "आपल्या विभागासाठी ही छोटी गोष्ट नाही." माझ्याकडे पाहून हसलेही. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी फोनवरचं माझं 'टाकलं' आठवलं.

परीक्षा झाल्यावर मे महिन्यात मी अकोल्याला गेलो. तिथं संग्रह सांभाळायला सलीमचाचा म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, जुन्या शहरातले. त्यांनी कपाटाचा कप्पा ओढला, डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि तो दिसला. डावे पंख पसरलेले, निळं अजून तसंच. मी विचारलं, चिठ्ठी बदलता येते का.

"पहिली चिठ्ठी सुईवरून कोनीच काढत नाही, बेटा," ते म्हणाले. "गलत असली तरी नाही. उद्या कोनीही येऊन काहीही बदलेल, मग भरोसा कशावर ठेवायचा?" माझं तोंड पाहून ते म्हणाले, "हां, खाली दुसरी लावता येते. सरांचं सहीचं पत्र आना. मी सोता लावून देतो. पन बदलायचं काय आहे?"

"काही नाही, थोडी दुरुस्ती आहे," मी म्हणालो. कोणाचं नाव हवं आहे हे त्या भल्या माणसालाही मी सांगितलं नाही.

सरांना मात्र सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं पडलं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "सुमेध, मी तुला माझं नाव लिहायला सांगितलं होतं का?"

"नाही, सर."

"अक्षर कोणाचं आहे?"

"माझं."

"आता मी पत्र दिलं तर लोक काय समजतील? सरांनी पोराच्या आईचं काम स्वतःच्या नावावर लावलं. खरं काय ते तुला आणि मला माहीत. बाकीच्यांना कोण सांगणार?" मग ते हळू म्हणाले, "बघू. एम.एस्सी.च्या प्रवेशाचं होऊ दे आधी. तुझं शिफारसपत्र लिहायचंय मला."

त्यांनी धमकी दिली नव्हती. ते खरंच शिफारसपत्राची आठवण करून देत होते, आणि त्यांनी ते लिहिलं, चांगलं लिहिलं. मला प्रवेश मिळाला. चिठ्ठीच्या दुरुस्तीच्या पत्राबद्दल मी पुन्हा कधी विचारलं नाही. नाकतोड्याचं वाचताना मला नेहमी वाटायचं की तंगडी सोडून पळणं ही केवढी हुशारी. कुठल्याही पुस्तकात असं लिहिलेलं नाही की ती तंगडी मागं पडल्यावर थोडा वेळ तशीच हलत राहते. ते मी वावरात पाहिलं आहे.

त्यानंतर दिवाळी आली, उन्हाळा आला. मी घरी जायचो तेव्हा बोलणं त्या विषयाकडे वळू नये म्हणून आधीच दुसरं काहीतरी काढायचो. पण गेल्या पौषानंतर आईनं ते विचारणंच सोडून दिलं होतं. मला वाटलं, विसरली. मला हायसं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. या उन्हाळ्यात मी तिला नाकतोड्यांवर प्रोजेक्ट करणार असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "कर. मेहनतीनं कर." आणि पोळी उलटली.

गेल्या आठवड्यात बडनेऱ्याला स्टेशनवर शांताकाकू भेटल्या. मी गाडीची वाट पाहत होतो, त्या मुलीकडून अकोल्याहून परत येत होत्या. मी पाया पडलो. त्यांनी बाकावर जागा करून दिली, पिशवीतून तंबाखूची पुडी काढली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "काहून रे सुमेध, मायचं नाव लिवाले तुह्या पेनातली शाई सरली होती का?"

मी हसलो. त्यांची थट्टा अशीच असते. त्या हसल्या नाहीत.

"पुसाच्या महिन्यात माह्या लेकीकडं अकोल्याले गेल्तो आमी दोघी," त्या म्हणाल्या. "जुन्या शहरात. तुही माय म्हने, एवढ्या दूर आलो तं पाहून घेऊ. ऑटोवाल्याले सांगतलं, किडे ठेवते थे कालेज. गेटावरच्याले म्हने, आत माहा नाकतोडा हाय. थो लागला हासाले. मंग एक चाचा आले. लय भला मानूस. खुर्ची देल्ली, चहा पाजला, कपाटातून डबा काढला. तुह्या मायनं लांबूनच वळखला. म्हने, हाच व्हय, याचा पंख पाहा. चाचानं चिठ्ठी वाचली. गाव वाचलं, तारीख वाचली, अन् मंग तुह्या सराचं नाव. माय म्हने, आखीन एकदा वाचा. त्याइनं वाचलं. माय म्हने, मांगच्या बाजूनं असंन. चाचानं काच लावून मांगूनबी पाह्यलं."

 

"मंग चाचाले म्हने, बरोबर हाय, माह्यीच चूक झाली, दुसऱ्या कालेजात असंन. अन् उठली. मले रस्त्यात म्हने, पोरापाशी काई काढजो नको, त्याची परीक्षा हाय. म्या आतापरेंत काढलं नाई." काकूंनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. "घरी आलो तं बायाइनं घेरलं तिले. पाह्यलं का मास्तरीन, हाय का नाव? तं म्हने, हाय. लय बारीक अक्षर हाय, म्हने, चष्मा लागते वाचाले."